ज्यांना हिशेब मागता येत नाही
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत बोलण्याचा मान वास्तविक विद्वानांचा. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी आणि चाळीस वर्षे सांभाळलेली दुकानाची गादी एवढीच माझी शिदोरी आहे. तरीही विश्वस्त मंडळाने हा विषय माझ्याकडे सोपविला, त्याचे कारण आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. माझ्या मातोश्रींची अखेरची सहा वर्षे स्मृतिभ्रंशाच्या आजारात गेली. त्यानंतर तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा येथील अनेक आप्तेष्ट व व्यापारी मित्र मला एकांतात गाठून विचारू लागले, "आमच्याकडेही तसेच सुरू झाले आहे. काय करावे?" औषधोपचार सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. घरच्या माणसांनी कसे वागावे आणि कसे वागू नये, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

सुवर्णमहोत्सव म्हणजे संस्थेने आपल्या पन्नास वर्षांच्या आठवणी जागविण्याचा प्रसंग. ज्यांच्या कष्टावर ही पन्नास वर्षे उभी राहिली, त्यांतील काहींना आज स्वतःचे नावही आठवत नाही. त्यांच्याविषयी बोलण्यास यापेक्षा योग्य प्रसंग नाही, असे मी मानतो.

म्हातारचळ नव्हे, आजार

दुकानाची किल्ली कोठे ठेवली हे विसरणे वयोमानाप्रमाणे घडते. किल्ली हातात असूनही तिचे काय करावयाचे हे न उमगणे हा आजार होय. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ मध्ये अशा एका स्त्रीच्या मेंदूतील बदल प्रथम वर्णन केले. ती १९०१ मध्ये रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. स्मृतिभ्रंशाचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार या वैद्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हा आजार मुंबई-पुण्याचा किंवा विलायतेचा आहे, अशी समजूत आपल्याकडे होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने ती खोटी ठरविली. भारतात साठ वर्षांवरील दर शंभर व्यक्तींमध्ये सुमारे सात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, हा आजार असल्याचे तीत आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे आणि खेड्यांत शहरांपेक्षा अधिक. आपला जिल्हा खेड्यांचा आहे.

आपण मात्र 'साठी बुद्धी नाठी' किंवा 'म्हातारचळ' म्हणून विषय संपवितो. या शब्दांनी दोन प्रकारचे नुकसान होते. एक म्हणजे आजारी माणूस चेष्टेचा विषय होतो. दुसरे म्हणजे तपासणी राहून जाते. थायरॉइडचा दोष, औदासीन्य, काही औषधांचे परिणाम किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि वेळीच उपचार झाल्यास तो पुष्कळदा कमी होतो. बी-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत अधिक आढळते, हे आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावे. रक्ताच्या साध्या तपासणीने जे कळू शकते ते न तपासता 'आता वयच झाले' म्हणणे, हा सेवेतील पहिला प्रमाद होय.

व्यापाऱ्याची कसोटी

आमच्या धंद्यात सचोटीची परीक्षा चोख गिऱ्हाईकापुढे होत नाही. जो मीटरपट्टीकडे डोळे लावून बसतो, बिल दोनदा तपासतो, त्याला कोणीही पूर्ण माप देईल. आईने पाठविलेले लहान मूल किंवा दृष्टी गेलेला वृद्ध दुकानात येतो, तेव्हा दुकानदाराची खरी परीक्षा असते. त्याला मोजता येत नाही, म्हणून त्याचे माप मोजण्याची जबाबदारी संपूर्णपणे आपल्यावर येते.

आमच्या दुकानी एक वृद्ध गृहस्थ येत. मुलीच्या लग्नासाठी म्हणून साड्या पसंत करीत. मुलीचे लग्न होऊन पंचवीस वर्षे झाली होती. पहिल्या वेळी नोकराने साड्या बांधून दिल्या; त्यांच्या चिरंजीवांनी संध्याकाळी त्या परत आणल्या, तेव्हा सारा प्रकार कळला. पुढे आम्ही दोघांनी ठरविले की, ते आले की त्यांना बसवावे, पाणी द्यावे, साड्या दाखवाव्यात, पैसे घेऊ नयेत आणि घरी निरोप धाडावा. ते समाधानाने घरी जात. त्यांना साडी विकणे कायद्याच्या नजरेतून कदाचित सुटले असते. धर्माच्या नजरेतून ती चोरीच ठरली असती.

स्मृतिभ्रंश झालेला माणूस घरातील असाच सदस्य असतो. काल आपण त्याला काय बोललो, जेवण वेळेवर दिले की नाही, त्याचे पैसे कोठे गेले, हे तो विचारू शकत नाही. शेजाऱ्याला तक्रार सांगितली, तर शेजारी विश्वास ठेवीत नाही. यास्तव माझे सारे सांगणे एका वाक्यात सांगतो. त्याला आठवत असते तर जे करण्यास आपण धजावलो नसतो, ते त्याच्या विसरण्याचा लाभ घेऊन करू नये. पुढे मी जे सांगणार आहे, तो याच एका वाक्याचा विस्तार आहे.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. गाई-बैल आणि नोकर-चाकर, म्हणजे जे आपल्या आश्रयाला आहेत आणि आपल्याविरुद्ध बोलू शकत नाहीत, त्यांच्या संदर्भात ते समजावून सांगितले जात. आज घरांत बैल उरले नाहीत. परंतु आश्रयाला असलेली मुकी माणसे आहेत.

बंध म्हणजे बांधणे. वडील उठून चालू लागतात, पडतील या भीतीने त्यांना खाटेला बांधलेले मी पाहिले आहे. बांधलेला माणूस शांत होत नाही, अधिक बिथरतो. त्याच्या पाठीला जखमा होतात. घराला कडी घालावी, गॅसची कळ बंद ठेवावी, हे रक्षण झाले. परंतु कडी घातल्यावर सकाळ-संध्याकाळ कोणीतरी त्यांना हात धरून अंगणात फिरवून आणले पाहिजे; अन्यथा त्या रक्षणाचा तुरुंग होतो. नवरात्रात तुळजापूरला आणि चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला केवढी गर्दी लोटते, हे आपण जाणता. अशा गर्दीत हात सुटला तर काय, म्हणून कापडवाल्याची एक सूचना करतो. सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या आतील बाजूस नाव, गाव व मुलाचा फोन क्रमांक लिहिलेली पट्टी शिवून टाकावी. ती आतून शिवावी. गळ्यात पाटी अडकविणे माणसाला शोभत नाही.

वध म्हणजे मारणे. आपल्यासारख्या घरांत हा शब्द उच्चारणेही जड जाते. पण रात्रभर जागलेल्या माणसाचा हात पहाटे चौथ्यांदा ओल्या झालेल्या चादरीवर उठू शकतो. तसे घडू नये म्हणून उपदेश पुरत नाही; दुसऱ्या रात्री जागणारे दुसरे माणूस लागते.

छेद हा शब्द येथे अक्षरशः लागू होत नाही. तथापि विंचरायला त्रास नको म्हणून एखाद्या आजीचे केस तिला न विचारता कापले जातात, हातातील बांगड्या काढून ठेवल्या जातात, तेव्हा तिच्या ओळखीचा एक तुकडा आपण कापीत असतो. सोय म्हणून काही करावेच लागले, तर आधी विचारावे, समजावून सांगावे, तिचा हात हातात घेऊन करावे. उत्तर मिळाले नाही तरी विचारणे सोडू नये.

अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेरचे ओझे लादणे. पाहुणे आले की आपण वडिलांना समोर बसवितो आणि "ओळखले का? मी कोण? सांगा पाहू," अशी परीक्षा घेतो. नापास होण्याची खात्री असलेल्या माणसाची चारचौघांत परीक्षा घेणे हे ओझेच आहे. "मी अमुक, आपला पुतण्या," असे पाहुण्यानेच आधी सांगितले तर काय बिघडते? याच अतिचाराचा दुसरा बळी म्हणजे घरातील सून. तिच्याविषयी पुढे स्वतंत्र बोलतो.

अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी अडविणे. अंथरूण ओले होते म्हणून दुपारपासून पाणी कमी देणारी घरे आहेत. हेतू वाईट नसतो. परंतु पाणी कमी पडले की मलावरोध होतो, लघवीचा संसर्ग होतो आणि त्यापायी भ्रम एकाएकी वाढतो. मग घरची मंडळी म्हणतात, आजार बळावला. दिवसभर थोडे थोडे पाणी द्यावे, ठरावीक वेळी हाताला धरून न्हाणीघराकडे न्यावे, आणि एवढे करूनही अंथरूण ओले झाले तर ते मुकाट्याने बदलावे.

सत्य कोणते सांगावे?

सत्याणुव्रत घेतलेल्या माणसाला हा आजार पदोपदी अडवितो. आई विचारते, "तुझे वडील दुकानातून आले नाहीत अजून?" वडिलांना जाऊन दहा वर्षे झालेली असतात. खरे सांगावे, तर तिच्या दृष्टीने ते आत्ताच गेले. ती पहिल्यांदा रडली तशीच रडते. उद्या पुन्हा विचारते. रोज वैधव्याची बातमी देणे ही सत्यनिष्ठा म्हणावी काय?

आपल्या परंपरेत सत्याला अहिंसेपासून वेगळे काढलेले नाही. ज्या बोलण्याने जीवाला निष्कारण पीडा होते, त्याला केवळ खरे आहे म्हणून प्रशस्ती मिळत नाही. मला व्यवहारात एक वाट सापडली. प्रश्नाच्या शब्दांना उत्तर देण्याऐवजी त्यामागील भावनेला उत्तर द्यावे. "आठवण येतेय का त्यांची? ते आले की तू पहिल्यांदा काय वाढायचीस?" एवढे विचारले की आई सांगू लागे, आणि त्या सांगण्यात तिचा जीव रमे. यात मी खोटे बोललो नाही आणि तिला घायाळही केले नाही.

माझ्या मातोश्री निजाम राजवटीच्या अखेरीस दहा-बारा वर्षांच्या होत्या. आजार वाढल्यावर दिवस मावळला की त्या घाबऱ्या होत, "दारे लावा, रझाकार येतील" म्हणत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि तो प्रश्न मिटला, हा इतिहास त्यांना सांगून काहीच उपयोग नव्हता. आम्ही त्यांच्यासमोर दार लावीत असू, कडी दाखवीत असू आणि शेजारी बसत असू. त्यांची भीती खरी होती. तिची वेळ तेवढी चुकली होती.

मात्र एक रेषा कटाक्षाने पाळावी. जे बोलणे त्यांच्या शांतीसाठी आहे ते वेगळे. जे आपल्या लाभासाठी आहे ते असत्यच. "देवळात जाऊ" म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेणे, हे त्या रेषेपलीकडचे आहे.

जुने व्रत आणि आजची भूक

आपल्या घरांतील एक प्रश्न अन्य समाजांत फारसा उद्भवत नाही. जन्मभर रात्रिभोजनत्याग पाळलेली आजी सूर्यास्तापूर्वी जेवते आणि रात्री नऊ वाजता म्हणते, "मला आज कोणी वाढलेच नाही." वाढावे, तर तिचे चाळीस वर्षांचे व्रत आपण मोडतो असे वाटते. न वाढावे, तर भुकेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण उपाशी ठेवतो असे वाटते. मान कोणाला द्यावा? व्रत घेणाऱ्या चाळिशीतील बाईला, की आज समोर बसून जेवण मागणाऱ्या आजीला?

मी शास्त्राचा अधिकारी नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी साधुसंतांना विचारावे. मला एवढे उमगते की, व्रत हे जाणिवेने घेतले जाते आणि जाणिवेनेच मोडले जाते. जिला दिवस-रात्र कळत नाही, तिच्याकडून व्रतभंग होत नाही. म्हणून आधी उपाय करावेत. सायंकाळचे जेवण पोटभर व शक्य तितके सूर्यास्ताच्या जवळ द्यावे, बोलण्यात गुंतवावे, जवळ बसावे. पुष्कळदा भूक नसते, एकटेपणा असतो. तरीही ती तळमळत असेल, तर वादावादी न करता काही द्यावे, असे माझे मत आहे.

परंतु याच न्यायाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्या माणसाने जन्मभर कंदमूळ खाल्ले नाही, त्याला 'आता कोठे कळते आहे' म्हणून आपल्या सोयीने काहीही खाऊ घालू नये. त्यांच्या व्रताची आठवण त्यांच्यापाशी उरली नाही, ती आपल्यापाशी ठेव म्हणून आली आहे. ठेवीदार परगावी गेला म्हणून ठेव आपली होत नाही. पूर्वापार पाठ असलेला णमोकार मंत्र, सकाळचे दर्शन, सामायिकाची बैठक यांचा क्रम शक्य तितका चालू ठेवावा. मुलांची नावे विसरलेली माणसे णमोकार मात्र अखेरपर्यंत अचूक म्हणतात, हा अनुभव आपणांपैकी अनेकांचा असेल. लहानपणापासून मुरलेले सर्वांत शेवटी जाते. गर्दी नसेल अशा वेळी त्यांना मंदिरात वा स्थानकात घेऊन यावे, आणि ते मध्येच मोठ्याने बोलले तर इतरांनी मागे वळून पाहू नये.

अन्न नाकारणे म्हणजे सल्लेखना नव्हे

आजाराच्या अखेरच्या टप्प्यात माणूस घास तोंडात धरून बसतो, गिळत नाही, तोंड फिरवितो. अशा वेळी कोणीतरी सहज म्हणून जाते, "त्यांनी संथारा घेतला आहे." हे बोलण्यापूर्वी आपण आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरीचे स्मरण करावे. तेथे आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली. दृष्टी मंदावल्यामुळे जीवरक्षा करीत चर्या पाळणे अशक्य होत आहे, हे ओळखून पूर्ण जागृतीने घेतलेला तो निर्णय होता. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथाऱ्याविरुद्ध निकाल दिला, तेव्हा आपण सारे रस्त्यावर उतरलो होतो आणि आपला युक्तिवाद हाच होता की, हे जाणीवपूर्वक, स्वेच्छेने घेतलेले व्रत आहे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. न्यायालयापुढे जे सांगितले तेच घरातही पाळले पाहिजे. ज्याला आपण काय नाकारतो आहोत हे कळत नाही, त्याचे तोंड फिरविणे हे व्रत नाही. तो आजार आहे, आणि कधी नुसता दुखरा दात असतो. आधी तोंड तपासावे, डॉक्टरांना दाखवावे, मऊ अन्न करावे आणि बसवून लहान घास सावकाश भरवावा.

याउलट टोकही टाळावे. अगदी शेवटच्या अवस्थेत नळी घालून शरीर ओढत नेण्यापेक्षा हाताने प्रेमाने भरवावे, असाच सल्ला अमेरिकेतील वृद्धवैद्यकतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये दिलेला आहे. जेवढा घास जाईल तेवढा द्यावा, जबरदस्ती करू नये.

अंगठा आणि सातबारा

आता आपल्या व्यापाऱ्यांच्या विषयाकडे येतो. कॉलेजात मर्कंटाइल लॉ शिकताना १८७२ चा करार कायदा आम्ही घोकला होता. करार करणारा सुबुद्ध असला पाहिजे, हे त्यातील प्राथमिक तत्त्व. ज्याचे चित्त बहुधा भ्रमलेले असते, पण मधूनमधून शुद्धीवर येते, तो शुद्धीच्या काळात करार करू शकतो, हेही त्यात आहे. परंतु एक कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की, मुखत्याराचा अधिकार कायद्याने संपतो. 'बाबांनी पूर्वीच मुखत्यारपत्र दिले आहे' या भरवशावर पुढे वर्षानुवर्षे व्यवहार करणारी घरे आहेत. त्यांनी वकिलांचा सल्ला घ्यावा. अशा प्रसंगी पत्नीला वा मुलाला पालक म्हणून नेमण्यासाठी उच्च न्यायालयाकडे दाद मागावी लागते. प्रौढ रुग्णांच्या पालकत्वाचा सोपा, स्वतंत्र कायदा आपल्याकडे अद्याप नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी अचौर्याणुव्रत राहतेच. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र यांवर गोंधळलेल्या माणसाचा अंगठा घेणे ही चोरी आहे, मग घेणारा पोटचा मुलगा का असेना. बहिणीचा हक्क आईच्या अंगठ्याने सोडवून घेणे ही दुहेरी चोरी आहे. वडिलांच्या पैशातून त्यांच्यासाठी जो खर्च होतो, त्याची वही ठेवावी आणि ती सर्व भावंडांना पाहण्यास खुली असावी. वही पाहणारा नाही, म्हणूनच ती चोख हवी.

वाटणी कामाची करा, माणसाची नको

चार भाऊ वेगळे झाले की आई-वडिलांचे महिने वाटून घेतात. एक महिना धाराशिवला, एक लातूरला, एक पुण्याला. धडधाकट वृद्धाला यात हवापालट तरी होतो. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला मात्र दर महिन्यास नवे घर म्हणजे दर महिन्यास नवे अरण्य. न्हाणीघर कोठे, दिवा कोठे, समोरचा माणूस कोण, हे उमगेपर्यंत महिना संपतो. समान वाटा हा भावांपुरता न्याय झाला. आईच्या दृष्टीने तो अन्याय आहे. तिला ज्या घराची सवय आहे तेथेच ठेवावे. बाकीच्यांनी पैसा द्यावा, सुट्टी घेऊन येऊन रात्री जागाव्यात.

आणि जे घर तिला सांभाळते, त्या घरातील सुनेचा विचार करावा. 'सेवा मुलगा करतो' असे आपण म्हणतो. चादर सून बदलते. वैयावृत्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक आहे. तप स्वतः करावयाचे असते, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचे नसते. सुनेला वैयावृत्याचे पुण्य सांगून मुलाने दुकानात बसून राहावे, हे तपाचे विडंबन आहे. माझ्या मते दिवसातून दोन तास आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस मुलाने स्वतः हे काम करावे. सेवेसाठी बाई ठेवली असेल, तर तिलाही साप्ताहिक सुट्टी व वेळेवर पगार हवा. थकलेल्या माणसाच्या हातून करुणा घडत नाही.

तसेच, ज्यांनी घरी शक्य ते सर्व केले आणि अखेर वृद्धाला चांगल्या निवासी केंद्रात ठेवले, त्यांना समाजाने दूषणे देऊ नयेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३ चा मराठी चित्रपट आपण पाहिला नसेल तर अवश्य पाहावा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. एक हत्ती पाहून ते त्याच्या मागोमाग निघून जातात. इकडे मुलगी त्यांना शोधत असते. तिकडे माहुताची कानडी बोलणारी गरीब बायको त्यांना पोराप्रमाणे सांभाळते. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही. समोर एक असाहाय्य माणूस आहे, एवढेच तिला कळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नात्याचा हक्क नसतानाही सेवा घडू शकते आणि प्रेम असूनही मुलगी दमू शकते, या दोन्ही गोष्टी त्या चित्रपटात कोणावरही ठपका न ठेवता येतात.

निर्णय आजच लिहून ठेवा

मुंबईचा कामगार ज्यांच्या एका शब्दावर थांबत असे, ते जॉर्ज फर्नांडिस अखेरच्या वर्षांत आल्झायमरने ग्रस्त होते. त्यांनी कोणापाशी राहावे, त्यांना कोणी भेटावे, हा वाद २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एका बाजूला पत्नी, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि जुन्या सहकारी. त्यांच्यावर माया करणारे दोन्ही बाजूंना असतील. पण हजारोंच्या सभा गाजविणाऱ्या माणसाला स्वतःची इच्छा मात्र सांगता येत नव्हती. २९ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले.

यापासून आपण साठीतील माणसांनी बोध घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आपल्यावर मानसिक आजाराचे उपचार कसे व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार नकोत, हे लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. मृत्युपत्रही बुद्धी शाबूत असतानाच करावयाचे असते. मी कोठे राहू इच्छितो, माझे कोणते व्रत पाळावे, पैशाची वही कोणी लिहावी, हे शांतपणे मुलांसमोर बोलून लिहून ठेवा. हे अशुभ बोलणे नव्हे. मुलांच्या डोक्यावरील पुढचे ओझे आज उतरविणे आहे.

ट्रस्टपुढे एक प्रार्थना

पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने जे केले त्याचा गौरव अन्य वक्ते करतील. एक्कावन्नाव्या वर्षासाठी माझी मागणी लहान आहे. आठवड्यातून एक दुपार ट्रस्टचे सभागृह अशा वृद्धांसाठी उघडे ठेवावे. तीन तास चार तरुणांनी व चार भगिनींनी त्यांच्याजवळ बसावे. स्तवने म्हणावीत, जुन्या छायाचित्रांचे संग्रह उघडावेत, कापडाच्या घड्या घालू द्याव्यात. त्या तीन तासांत घरची सून प्रवचनाला जाईल किंवा नुसती झोपेल, दोन्ही चालेल. वर्षातून एकदा स्मृतीची व रक्ताची तपासणी ठेवावी. केंद्र सरकारचे १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा, असे दोन दूरध्वनी क्रमांक सूचनाफलकावर लावावेत. आणि व्यापारी बंधूंनी आपसात ठरवावे की, गोंधळलेल्या वृद्धाला या गावात कोणी माल विकणार नाही, त्याच्याशी करार करणार नाही आणि त्याला घरी पोहोचविल्याशिवाय राहणार नाही.

पर्युषणात आपण अनेक नियम घेतो. येत्या पर्युषणात ज्यांना शक्य असेल त्यांनी हा एक नियम घ्यावा: आठवड्यातून तीन तास, दुसऱ्याच्या घरातील विसरलेल्या माणसाजवळ बसेन. त्याचे स्मरण त्या माणसाला राहणार नाही. तो आपले आभार मानणार नाही, इतरांना सांगणार नाही, स्मरणिकेत नाव छापून येणार नाही. जे देणे कोणीही मागणार नाही, ते पूर्ण मापाने द्यावयाचे आहे.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!